मल्लेश्वरमच्या स्टुडिओत मातीचा बैल

आपल्या मालिकेत आपण किल्ले पाहिले, लेणी पाहिली, ताम्रपट वाचले. आजची गोष्ट मात्र एका फुटलेल्या बैलापासून सुरू होते, आणि तो बैल मीच केला होता.

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये मातीकामाचा एक छोटा स्टुडिओ आहे. तिथे मी दोन दिवसांच्या वर्गाला गेलो होतो. चाक नाही, फक्त हातानं काम: चिमटीनं गोळा पोकळ करायचा, वळ्या एकावर एक चढवायच्या, लाटलेली पाटी कापून जोडायची. जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढायचे आणि मातीचा पातळ घोळ लावून दाबायचं. विषय होता शोभेच्या छोट्या मूर्ती. शेजारच्या बाईंनी घुबड केलं, एका मुलीनं मासा. मी बैल केला. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "पोट आतून कोरून काढा, जाड राहिलं तर भट्टीत टिकणार नाही." मला वाटलं, एवढासा तर आहे, काय होतंय! चार दिवसांनी भट्टी उघडली तेव्हा माझ्या बैलाची चार शिंतोडी झाली होती, आणि घुबडाचा एक कानही सोबत गेला होता. त्या बाईंची मी अजून माफी मागतोय.

असं का होतं? वरून सुकलेल्या जाड मातीच्या पोटात ओल उरते. भट्टी शंभर अंशांच्या पुढे गेली की तिची वाफ होते, वाफेला वाट सापडत नाही, आणि माती फुटते. हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकात दोल्नी व्हेस्तोनित्से नावाची जागा आहे. तिथे 1925 साली भाजलेल्या मातीची, साधारण 11 सेंटिमीटर उंचीची एक स्त्रीमूर्ती दोन तुकड्यांत सापडली. वय पंचवीस हजार वर्षांहून जास्त. त्याच परिसरात प्राण्यांच्या मूर्तींचे हजारो तुकडे मिळाले. त्यातले बरेच आगीतच फुटलेले आहेत, म्हणून काही संशोधक म्हणतात की ओली मूर्ती मुद्दाम आगीत टाकत असावेत, फुटण्याचा तो आवाज हाच विधी असावा. या मताला सगळे मान देत नाहीत. पण एक गोष्ट पक्की: त्या भागात मडकं यायला अजून हजारो वर्षं होती. आधी मूर्ती, मग मडकं. आणि त्या स्त्रीमूर्तीच्या पाठीवर लहान मुलाच्या बोटाचा ठसा आहे!

आता आपल्या घरी येऊ. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव. डेक्कन कॉलेजनं 1968 पासून बारा-पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. एका घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची लांबट गोल पेटी निघाली, झाकणासकट. तिच्यासोबत शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की बाई बैलावर बसते. वय सुमारे सव्वातीन हजार वर्षं. संशोधकांनी तिला मातृदेवता म्हटलं आहे.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकात येते आणि आपण पुढे जातो. मला अडवलं ते वेगळ्याच तपशिलानं. या मूर्ती कच्च्या मातीच्या आहेत, भाजलेल्या नाहीत. इनामगावकरांना भाजता येत नव्हतं का? छे! त्यांच्याकडे चाक होतं, कुंभाराची भट्टी तिथेच सापडली आहे. जोर्वे संस्कृतीची ती लाल भांडी, काळ्या नक्षीची, इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. ज्यांना पाण्याचं भांडं असं भाजता येतं, त्यांनी देवता कच्ची ठेवली. म्हणजे ती तशी ठेवायचीच होती, असं माझं मत आहे.

हे मत मी कुठून काढलं? आपल्याच घरातून. कोल्हापूर-सांगलीकडे बेंदराला मातीचे बैल पुजतात. तिकडे लोक दोन बेंदूर सांगतात, एक महाराष्ट्री आणि एक कर्नाटकी. उत्तर कर्नाटकात ज्येष्ठ अमावास्येला नावच आहे 'मण्णेत्तिन अमावास्ये': मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. नागपंचमीचा मातीचा नाग, गणपती, दिवाळीच्या किल्ल्यावरचा पोरांनी केलेला वेडावाकडा मावळा. यातलं काही भाजत नाहीत. काही पाण्यात जातं, काही पावसात. आणि यातलं बरंच काही घरातल्या बायका नि मुलं करत आली आहेत, कुंभाराचं चाक तिथे लागतच नाही. चाकावर गोल तेवढंच होतं. बैलाला चार पाय लागतात, ते हातानंच.

अडचण अशी, की विरघळणाऱ्या वस्तूचा इतिहास उरत नाही. तेरला सातवाहन काळातल्या सुंदर मूर्ती मिळाल्या, दोन साच्यांत दाबून केलेल्या, आतून पोकळ, भाजलेल्या. त्या संग्रहालयात आहेत, त्यांच्यावर लेख आहेत. त्याच गावात त्याच वर्षी एखाद्या आजीनं नातवाला करून दिलेला बैल मात्र पहिल्या पावसात गेला असणार. इनामगावचा वाचला, कारण तो पेटीसोबत पुरला गेला.

मल्लेश्वरमचं म्हणाल, तर तिथेही पुरलेला बैल आहे, दगडाचा. काडु मल्लेश्वर देवळासमोर गेल्या शतकाच्या शेवटी माती उपसताना नंदीतीर्थ बाहेर आलं. नंदीच्या तोंडातून पाणी येतं आणि खाली पिंडीवर पडतं. काडु मल्लेश्वराशी आपलं जुनं नातं: शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी 1669 मध्ये या देवाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. दगडावर कोरलं म्हणून साडेतीनशे वर्षांनी आपण तारखेसकट बोलतो.

या देवळापासून जवळच एट्थ क्रॉसचा बाजार आहे. भाद्रपदात तिथे मातीच्या गौरी आणि गणपती शेजारी शेजारी मांडलेले असतात. आपल्याकडे गणपतीमागून गौरी येतात, इथे गौरी आदल्या दिवशी, तृतीयेलाच येते. पहिल्या वर्षी मी मराठी हिशेबानं गौरीला निघालो, तर बाजारात एकही उरली नव्हती. दुकानदार हसून म्हणाला, "सर, अम्मा आधी येते, मग मुलगा."

स्टुडिओत मी दुसरा बैल केला. या वेळी पोट नीट कोरलं, आठवडाभर कापडाखाली हळूहळू सुकवला. ताईंनी विचारलं, भट्टीत घालू ना? स्टुडिओत सगळंच भाजतात. लोक पैसे भरतात ते घरी न्यायला, शेल्फवर ठेवायला. मी नको म्हणालो. त्या जरा गोंधळल्या, मग म्हणाल्या, "पुसायला ओलं फडकं वापरू नका मात्र."

सध्या तो माझ्या टेबलावर आहे, व्हिडिओत मागे दिसतोय तोच. डावं शिंग प्रवासातच गेलं.