गावची बातमी, गावचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी आठवतात. गावात आज काय घडले, पाणी आले की नाही, बाजार भरला की नाही, कोण आजारी आहे, कोणाकडे लग्न आहे, याला आपण इतिहास म्हणत नाही. त्या साध्या बातम्या. पण मला सोलापूरचा इतिहास जेव्हा जेव्हा उलगडून पाहावासा वाटला, तेव्हा त्याचे टोक अशा साध्या बातमीतच सापडले.

जुन्या सोलापुरात बातमी पोचायची कशी? १८६० मध्ये रेल्वे आली आणि पुण्या-मुंबईची खबर स्टेशनात उतरू लागली. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या आणि सारे गाव भोंग्यावर चालू लागले. आमच्या घरात घड्याळ होते, पण ते बरोबर आहे की नाही हे भोंगाच ठरवायचा. भोंगा वेळेवर झाला नाही की लोक दारात येऊन एकमेकांना विचारत, काय झालं हो? ती सुद्धा बातमीच. एकोणिसाव्या शतकातच इथे ‘कल्पतरू’ साप्ताहिक निघत होते. पण छापील अक्षरापेक्षा पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर जे बोलले जाई, ते वेगाने पसरे. शिवाय ही बातमी चार भाषांतून फिरे. पद्मशाली विणकरांच्या घरी ती तेलुगूत पोचे, कुठे कानडीत, कुठे उर्दूत, कुठे मराठीत. पेठ बदलली की भाषा बदले, बातमी तीच राही.

हे ध्यानात घेतले म्हणजे १९३० साल नीट समजते. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. असे करणारी आपली नगरपालिका देशात पहिली, असे सोलापूरकर आजही अभिमानाने सांगतात. दिवाबत्ती, गटारे आणि पाणीपट्टी पाहणारी ही संस्था. तिच्या दैनंदिन कारभारात त्या दिवशी एका निशाणाची भर पडली, आणि सरकारच्या लेखी ती साधी गोष्ट राहिली नाही.

५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. ती बातमी येताच गावात हरताळ पडला, मिरवणुका निघाल्या. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्यावरून पोलीस आणि जमाव यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले. त्यानंतर काही दिवस गावातला सरकारी अंमल जणू उठलाच होता. चौकाचौकांत रहदारी सांभाळायला काँग्रेसचे स्वयंसेवक उभे होते. रस्त्यावर कोणी उभे राहायचे, गाड्या कोणी थांबवायच्या, एवढीच ही बाब. पण राज्य कोणाचे, हा प्रश्न अशाच बाबीतून विचारला जातो.

१२ मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला. तो ३० जूनपर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे चालला. या काळात राष्ट्रध्वज बाळगणे हा गुन्हा ठरला. गांधी टोपी घालून रस्त्याने जाणे हे सुद्धा धाडसाचे काम झाले. श्रोतेहो, जरा विचार करा. सकाळी उठून डोक्यावर टोपी घालणे, ही काय बातमी झाली? पण त्या दिवसांत ती बातमी होती. जे रोजचे म्हणून कोणी लिहून ठेवत नाही, तेच दडपशाहीच्या काळात प्रथम बंद होते.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली. यांतले कुर्बान हुसेन तरुण पत्रकार होते, ‘गझनफर’ हे पत्र चालवीत आणि गिरणी कामगारांत वावरत. म्हणजे गावची बातमी लिहिणाराच गावची बातमी झाला. तारीखही पाहा. संक्रांत अवघ्या दोन दिवसांवर, सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे हेच दिवस. नंदीध्वजांचा उत्सव आणि हुतात्म्यांचे स्मरण सोलापूरच्या पंचांगात तेव्हापासून शेजारी शेजारी आले आहे.

चौघे चार समाजांतले. आज त्यांचे पुतळे एका ठिकाणी आहेत आणि आपण सहज ‘चार पुतळे’ असे म्हणून पुढे जातो. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला ते नाव सोयीचे आहे. पण चार या आकड्यात चार माणसे हरवतात. ती कोणत्या पेठेत राहत, कोणाच्या दुकानी बसत, घरी काय बोलत, हे सांगणारी पिढी आता उरलेली नाही. मोठ्या घटनेच्या तारखा सरकारी दप्तरात टिकल्या. रोजचे जगणे मात्र कोणीतरी टिपले तेवढेच टिकले.

गिरण्यांचे भोंगे थांबले. भोंग्यावर डबा भरणाऱ्या, पाळीवर जाणाऱ्या बायामाणसांपैकी पुष्कळजण मात्र अजून आपल्यात आहेत. घरात असे कोणी आजी-आजोबा असतील, तर एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. पगार किती होता, पाळी कधी सुटे, संपात घर कसे चालले, हे विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. वाचनालयातल्या स्थानिक पत्रांच्या जुन्या फायली रद्दीत जात असतील, तर त्या थांबवा. उद्याच्या सोलापूरला आजची माणसे आकड्यांतून नव्हे, नावानिशी ओळखता यायला हवीत.