नागांचंही एक घराणं

'हाउस ऑफ द ड्रॅगन'च्या दुसऱ्या पर्वातला पहिलाच भाग. रात्री मारेकरी राजवाड्यात शिरतात आणि झोपलेल्या लहानग्या राजपुत्राचा जीव घेतात. वैर मोठ्यांचं, जातं ते पोर. ही मालिका मी फार आवडीनं पाहतो, पण या प्रसंगाला माझं मन पडद्यावरून उठून थेट अस्तंब्याला गेलं.

अस्तंबा हे नंदुरबार जिल्ह्यातलं, धडगाव तालुक्यातलं सातपुड्याचं शिखर. उंची १३२५ मीटर. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून जथे निघतात आणि रात्रीच्या अंधारात डोंगर चढतात. महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माणसं येतात, त्यांत आदिवासी तरुण पुष्कळ. यात्रा अश्वत्थाम्याची. कपाळावरची जखम घेऊन तो अजून या रानात फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं इथे मानतात.

हाच तो सौप्तिक पर्वातला अश्वत्थामा. युद्ध संपल्यावर, बापाच्या मरणाचा दाह घेऊन तो रात्री झोपलेल्या छावणीत शिरला आणि द्रौपदीचे पाचही मुलगे त्यानं मारले. मग अस्त्र सोडलं ते उत्तरेच्या गर्भावर. कपाळीचा मणी गेला, आणि तीन हजार वर्षं एकटं भटकण्याचा शाप मिळाला.

ड्रॅगनच्या गोष्टीची आपल्याकडची वाट मला इथून पुढे दिसते. कृष्णानं जगवलेलं ते पोर म्हणजे परीक्षित. त्याला तक्षक नाग डसला, म्हणून त्याच्या मुलानं, जनमेजयानं, सर्पसत्र मांडलं; आणि त्याच सत्रात वैशंपायनानं महाभारत सांगितलं. आपली सगळ्यात मोठी भाऊबंदकी ऐकवली गेली ती आगीत नाग पडत असताना! आणि तक्षकाचं वैर तरी कुठून आलं? अर्जुनानं खांडववन जाळलं, त्यात त्याची बायको मेली. मुलगा अश्वसेन कसाबसा निसटला, तो पुढे सूड उगवायला कर्णाच्या बाणात जाऊन बसला.

या मालिकेचं जग रचणाऱ्या जॉर्ज मार्टिन यांची मूळ कादंबरीमाला १९९६मध्ये सुरू झाली. तिच्यामागे इंग्लंडमधल्या लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांचं १४५५ ते १४८५चं युद्ध आहे. 'हाउस ऑफ द ड्रॅगन'मागे त्याहून जुनं, बाराव्या शतकातलं, स्टीफन आणि माटिल्डा यांचं गादीचं भांडण. मार्टिन यांचे ड्रॅगन देखणे आहेत, धन्यावर जीवही लावतात. पण ते कुळाची दौलत, हत्तीघोड्यांसारखे. त्यांना स्वतःचं गाऱ्हाणं नसतं. आपल्या नागांना बायकामुलं आहेत, वंश आहे, पिढीजात दुखणं आहे. भांडणाऱ्या घराण्यांपैकी तेही एक घराणं. मला हे जास्त खोल वाटतं.

नागांच्या या घराण्याची गोष्ट आदिवासींच्या महाभारतातही आहे. गुजरातेत खेडब्रह्मा भागातल्या डुंगरी भिलांचं महाभारत, म्हणजे 'भारथ', भगवानदास पटेल यांनी गोळा केलं. त्यात द्रौपदीचा सोनेरी केस पाताळात पडतो, वासुकी नाग त्या केसाचा माग काढत वर येतो आणि अर्जुनाला मिशीच्या केसानं खुंटीला टांगून ठेवतो. पाताळाचा राजा असा घरात शिरतो, आणि पांडवांचा महावीर हतबल होऊन बघत राहतो. एवढं धाडस कुठल्याही पटकथेत मी पाहिलेलं नाही.

मराठी मनाला घरातल्या वैराच्या गोष्टींची ओळख कुणी परक्यानं करून द्यावी लागली नाही. १७७३मध्ये शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला. खाडिलकरांनी १९०९मध्ये त्यावर नाटक लिहिलं, नावच 'भाऊबंदकी'. २ ऑक्टोबर १९८८पासून दूरदर्शननं चोप्रांच्या 'महाभारता'चे ९४ भाग दाखवले, तेव्हा नंदुरबार अजून धुळे जिल्ह्यातच होतं. आज मोबाइलवर ड्रॅगन पाहणारा इथला मुलगा त्याच ओळीतला श्रोता आहे.

मालिकेत पुढे राजा एका मारेकऱ्याला स्वतःच्या हातानं ठेचून मारतो, आणि दुसरा उंदीर पकडणाऱ्यांतला म्हणून वाड्यातल्या उंदीर पकडणाऱ्या सगळ्यांना फासावर टांगतो. झोपलेल्या छावणीत पोरं मारणारा सातपुड्यात अजून जिवंत आहे. त्याची जखम वाहते आहे, आणि दर दिवाळीला माणसं अंधारातून त्याच्याकडे चढून जातात.