क्ष-किरण टोमोग्राफी : पदार्थांच्या अंतर्रचनेचा अभ्यास

नमुना न कापता, न फोडता त्याच्या आतल्या घडणीचे त्रिमितीय चित्र क्ष-किरणांच्या साहाय्याने मिळवण्याची पद्धत. रुग्णालयातील सीटी स्कॅन याच तत्त्वावर चालतो. पदार्थविज्ञानात तिचा उपयोग मिश्रधातू, खडक, काँक्रीट, लाकूड, तंतुयुक्त संमिश्रे, बॅटऱ्या, जीवाश्म आणि पुरावस्तू यांच्या आतील छिद्रे, भेगा, कण व थर पाहण्यासाठी होतो. हाती येणारे चित्र इतके रेखीव असते की पाहणाऱ्याला ते छायाचित्रच वाटते. वस्तुतः ते हजारो नोंदींवरून गणिताने काढलेले अनुमान असते. पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्यातले धोके, दोन्ही येथूनच उद्भवतात. म्हणून टोमोग्राफीच्या चित्राला मोजमापाचा दर्जा द्यावा आणि कोणत्याही मोजमापाप्रमाणे त्याच्या अटी व त्रुटिमर्यादाही सोबत सांगाव्यात, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

तत्त्व व कार्यपद्धती : पदार्थातून जाताना क्ष-किरण क्षीण होतात. किती क्षीण होतात, हे पदार्थाची घनता, त्यातील मूलद्रव्यांचे अणुक्रमांक आणि किरणांची ऊर्जा यांवर ठरते. अणुक्रमांक वाढला की शोषण फार झपाट्याने वाढते. ॲल्युमिनियमच्या पट्टीतून सहज पार होणारे किरण तेवढ्याच जाडीच्या शिशात अडतात. एकाच दिशेने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात वाटेतल्या सगळ्या थरांच्या छाया एकमेकींवर पडतात आणि दोष किती खोल आहे हे कळत नाही. टोमोग्राफीत नमुना फिरत्या तबकडीवर ठेवून थोडाथोडा वळवतात आणि प्रत्येक कोनात एक प्रक्षेपचित्र घेतात. पलीकडे पोहोचलेले किरण टिपणाऱ्या शोधकाच्या रुंदीत २,००० बिंदू असतील, तर चांगल्या पुनर्रचनेसाठी साधारण ३,००० प्रक्षेपचित्रे लागतात. त्यांवरून संगणक नमुन्यातील प्रत्येक सूक्ष्म घनात, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये, किरण किती क्षीण होत असले पाहिजेत याचा हिशोब मांडतो. तिन्ही दिशांना २,००० धरले तर हे घन ८ अब्ज होतात आणि प्रत्येकासाठी २ बाइट लागले तरी एका नमुन्याची नोंद १६ गिगाबाइट भरते. याच हिशोबातून पद्धतीची पहिली अट निघते. १ मिमी. रुंदीच्या नमुन्यात व्हॉक्सेल अर्ध्या मायक्रोमीटरचा मिळू शकतो, १० सेंमी. रुंदीच्या नमुन्यात तोच ५० मायक्रोमीटरचा होतो. बारकावा हवा तर नमुना लहान घ्यावा लागतो. दुसरी अट किरणांच्या ऊर्जेची. पलीकडे फारच थोडे किरण पोहोचले तर चित्र खरबरीत येते. जवळजवळ सगळेच पोहोचले तर पदार्थापदार्थांतला फरक उमटत नाही. मूळ तीव्रतेच्या सुमारे दहा ते वीस टक्के किरण शोधकापर्यंत जातील अशी निवड इष्ट ठरते.

इतिहास : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. प्रक्षेपांवरून मूळ वस्तू परत उभी करण्याचे गणित योहान राडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडले, तेव्हा ते वापरू शकेल असे यंत्र अस्तित्वात नव्हते. ॲलन कॉरमॅक यांनी १९६३-६४ मध्ये हाच प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला आणि गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी बांधलेल्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. दोघांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थांच्या अभ्यासाला वळण देणारी दोन कामे पुढच्या दशकातली आहेत : १९८२ मध्ये जे. सी. एलियट व एस. डी. डोव्हर यांनी एका लहान गोगलगाईच्या शंखाचे सूक्ष्म टोमोग्राफीने घेतलेले चित्र, आणि १९८४ मध्ये फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेतील फेल्डकँप, डेव्हिस व क्रेस यांनी शंकूच्या आकाराच्या किरणशलाकेसाठी दिलेली पुनर्रचनेची रीत. ही रीत प्रयोगशाळेतील यंत्रांत आजही वापरात आहे. त्यानंतर ग्रनोबल, शिकागोजवळील आर्गॉन आणि जपानमधील स्प्रिंग-८ येथील सिंक्रोट्रॉन या कणप्रवेगकांनी अतितीव्र किरण उपलब्ध करून दिले. भारतात इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण प्रतिमांकनासाठी वेगळी किरणवाहिनी आहे. राडॉन यांचे गणित यंत्राच्या अर्धशतक आधी तयार होते, हे ध्यानात घेतले की या पद्धतीत हिशोबाचे स्थान किती मूलभूत आहे ते पटते.

उपयोग : ज्या वस्तूला सुरी लावताच येत नाही तिच्या बाबतीत पद्धतीचे मोल सर्वांत ठळकपणे दिसते. ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून विसाव्या शतकाच्या आरंभी वर काढलेले कांस्ययंत्र गंजून तुकडे-तुकडे झाले आहे. २००५ मध्ये सुमारे ८ टन वजनाचे टोमोग्राफी यंत्र अथेन्सच्या संग्रहालयात नेऊन हे तुकडे तपासले गेले. गंजाखाली दडलेली अक्षरे वाचता आली आणि एका दातेरी चाकाला २२३ दात होते हे निश्चित झाले. २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. यंत्र ग्रहणांचे भाकीत करण्यासाठी होते, या निष्कर्षाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. बदल घडत असताना तो पाहणे हा दुसरा मोठा लाभ. स्वित्झर्लंडमधील सिंक्रोट्रॉनवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात तेलकट द्रव शिरताना टिपला गेला. तो संथपणे सरकत नाही, अडून राहतो आणि मग एका झटक्यात अनेक छिद्रे भरतो, हे त्यातून दिसले. २०१५ मध्ये लिथियम-आयन बॅटरी अतितापून फुटण्याच्या वाटेवर असताना तिच्या आतले थर कसे कोसळतात, याची चित्रेही ग्रनोबल येथे अशीच मिळाली.

आक्षेप व मर्यादा : पहिला आक्षेप असा, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक याहून कितीतरी बारीक दाखवतो, मग हा खटाटोप कशाला? बारकाव्याच्या बाबतीत आक्षेप खरा आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली नमुन्याचा छेद ठेवावा लागतो आणि छेदात दोन छिद्रे वेगळी दिसली तरी ती खाली कुठे जोडलेली आहेत की नाहीत हे त्या छेदावरून ठरत नाही. खडकातून पाणी वाहील का, काँक्रीटमध्ये क्षार शिरतील का, हे प्रश्न या जोडणीवरच अवलंबून असतात. शिवाय कापलेला नमुना उद्या तापवून किंवा ताणून पुन्हा तपासता येत नाही. दोन्ही साधने वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अनुमानावर विसंबायचे किती? प्रयोगशाळेतील नळीच्या किरणांत अनेक ऊर्जांचे मिश्रण असते. कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जातात, त्यामुळे एकजिनसी धातूचा दंडगोलही चित्रात कडेला उजळ आणि मध्ये काळपट दिसतो. शोधकाचा एखादा बिंदू बिघडला तर चित्रात वर्तुळे उमटतात. व्हॉक्सेलहून बरीच बारीक भेग शेजारच्या पदार्थात मिसळून पुसट होते किंवा दिसतच नाही. यांपैकी पहिले दोन दोष ओळखता येतात आणि बऱ्याच अंशी दुरुस्तही करता येतात. खरी अडचण पुढच्या पायरीवर येते. चित्रात केवळ करड्या छटा असतात; कोणत्या छटेपर्यंत छिद्र मानायचे आणि कुठून घन पदार्थ, ही सीमा माणसाने किंवा त्याने निवडलेल्या सूत्राने आखायची असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मातीची तीच चित्रे १३ तज्ज्ञांना दिली गेली आणि त्यांनी काढलेल्या सच्छिद्रतेच्या आकड्यांत फार मोठी तफावत आढळली. न दिसणे म्हणजे नसणे, असे मानण्यातला धोका टायटॅनियमच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. भुकटी वितळवून थरावर थर चढवत बनवलेल्या भागांत, भुकटीच्या कणांत अडकलेल्या आर्गॉन वायूमुळे सूक्ष्म पोकळ्या राहतात. उच्च तापमानात चहूबाजूंनी दाब दिल्यावर त्या टोमोग्राफीत दिसेनाशा झाल्या. मँचेस्टर येथील संशोधकांनी तेच नमुने पुन्हा तापवले तेव्हा पोकळ्या जुन्या जागीच परत उघडल्या. आर्गॉन टायटॅनियममध्ये विरघळत नाही. तो दृष्टिक्षेपाच्या मर्यादेखाली दाबला गेला होता एवढेच.

तरीही या पुराव्याने पद्धत बाद ठरत नाही. टायटॅनियममधील परत उघडलेली पोकळी पकडली ती टोमोग्राफीनेच, कारण न कापलेला तोच नमुना तीन टप्प्यांवर तपासता आला. सीमा कुठे आखायची याबाबतचे मतभेदही आवाक्यात आणता येतात. नमुना हवेत व द्रवात तोलून काढलेल्या घनतेशी चित्रातली सच्छिद्रता ताडून पाहता येते. शेवटी एका ठिकाणी छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पडताळा घेता येतो. सीमा थोडी अलीकडे-पलीकडे सरकवून उत्तर किती हलते हे नोंदवता येते. एकाच नमुन्याच्या आधीच्या व नंतरच्या चित्रांची तुलना केली, तर दोन्हींत सारखी असलेली चूक बरीचशी वजा होते. किरणांनी नमुनाच बदलतो, हा आक्षेप धातू व खडक यांना सहसा लागू पडत नाही. बहुवारिके आणि ओल्या जैविक ऊती यांच्या बाबतीत तो खरा असतो, म्हणून तशा अभ्यासात किरण न लागलेला जोडनमुना तुलनेसाठी राखावा लागतो.

व्हॉक्सेलचा आकार, किरणांची ऊर्जा, प्रक्षेपचित्रांची संख्या आणि सीमा ठरवण्याची रीत, या चार गोष्टी न सांगता दिलेला सच्छिद्रतेचा किंवा भेगेच्या लांबीचा आकडा अपुरा समजावा. त्या सांगितल्या आणि निदान एका स्वतंत्र कसोटीवर आकडा उतरला, तर पदार्थाच्या अंतर्रचनेबद्दल क्ष-किरण टोमोग्राफीची साक्ष ग्राह्य धरण्यास हरकत नाही.