कोणते कर्जत?

ऑनलाइन कोशात ‘कर्जत’ हा शब्द शोधला की उत्तराआधी प्रश्न येतो: कोणते कर्जत? एक अहिल्यानगर जिल्ह्यातले, दुसरे रायगडमधले. घाट चढण्यापूर्वी जिथे गाडीला मागून इंजिन लागते, ते आपले दुसरे. प्रश्न साधा आहे. पण या तालुक्याच्या बाबतीत तो जुनाही आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला कुलाबा खंड १८८३ सालचा. रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा, असे धरून कोणी त्यात माथेरान किंवा कोंढाणे शोधू लागला, तर त्याची निराशा होते. ही ठिकाणे सापडतात ठाणे जिल्ह्याच्या, १८८२ साली छापलेल्या खंडांत. कारण कर्जत तालुका तेव्हा ठाण्यात होता. तो कुलाब्यात आला १८९१ साली. खालापूर हा त्या काळी कर्जतचाच पेटा. जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले १९८१ साली. डोंगर आणि नद्या जागच्या जागी राहिल्या. शोधणाऱ्याने कोणता खंड उघडायचा, एवढे मात्र बदलत गेले.

कोश वाचण्याचा नाद असलेल्यांना ठाऊक असते, की खरी गंमत शोधायला निघालेल्या नोंदीत नसते, वाटेत भेटलेल्या नोंदीत असते. पूर्वी असा माणूस ग्रंथालयात शेजारच्याला हळूच म्हणायचा, ‘हे वाचलंत का?’ आता तो मोबाइलवर दुवा पाठवतो. मित्रमंडळींत रोज एखादी नोंद फिरते: खोल समुद्रातला मासा, वाळूखाली गेलेले शहर, कोणी विसरलेला गणिती. आपण वाचतो, थक्क होतो आणि पुढे पाठवून मोकळे होतो. मीही त्यातलाच. यंदा मात्र ठरवले, की घाटाखालच्या या दोनच तालुक्यांच्या नोंदी वाचायच्या, आणि त्या सुट्या न ठेवता एकमेकींशेजारी मांडायच्या.

मराठीत असा नाद करता येतो, याचे पहिले श्रेय श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने कोशासाठी चक्क मर्यादित कंपनी काढली, भागभांडवल गोळा केले, वर्गणीदार मिळवले, आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड मराठी घरांपर्यंत पोचवले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे. त्यानंतर अकारविल्हे नोंदी. पुढे हे काम राज्याने अंगावर घेतले. वाईला लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाची उभारणी झाली. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. दरम्यान १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि नोंद लिहिण्याचे काम कोणालाही खुले झाले. आज ज्ञानकोश, विश्वकोश आणि विकिपीडिया हे तिन्ही एकाच पडद्यावर वाचता येतात.

प्रत्येक कोशाचा हेतू मात्र निराळा. गॅझेटियरला महसूल आणि बंदोबस्त यांसाठी माहिती हवी होती. केतकरांना जगाचे ज्ञान मराठीत हवे होते. विश्वकोशाला नव्या राज्याच्या भाषेत आधुनिक विद्या हव्या होत्या. विकिपीडिया सर्वांना लिहू देतो, पण प्रत्येक विधानाला छापील किंवा प्रसिद्ध झालेला आधार मागतो. आणि छापील कोशांची आणखी एक अडचण असते: अकारविल्हे लावणी. उंबरखिंड एका खंडात जाते, भोर घाट कुठल्याकुठे दुसऱ्या खंडात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच सह्याद्रीच्या कुशीत, काही कोसांच्या अंतरावर.

या परिसरातली सर्वांत जुनी नोंद कागदावर नाही, दगडावर आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. चैत्यगृह साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले. घाटाने चढणाऱ्या-उतरणाऱ्या व्यापाऱ्यांची वाट इथूनच जवळून जात होती. तिथे एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत छोटासा लेख आहे. त्याचा आशय असा, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. आपल्याकडच्या लेण्यांतले बहुतेक लेख दान देणाऱ्यांचे असतात: अमक्या गावच्या अमक्याने खांब दिला, तमकीने टाके दिले. इथे मात्र करणाऱ्याचे नाव आहे, आणि सोबत ज्याच्या हाताखाली तो शिकला त्याचेही. घाटाच्या पुढच्या दोन हजार वर्षांत कष्ट करणाऱ्याच्या नावाची अशी नोंद फारशी भेटत नाही.

दुसरी नोंद उंबरखिंडीची. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ, आंबा नदीच्या खोऱ्यात ही खिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी, कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाच्या मोगल फौजेला शिवाजी महाराजांनी इथे गाठले. वाट अरुंद, दोहोंबाजूंना दाट रान, पाणी तोडलेले. फौज मोठी असूनही तिला वळताच येईना. सोबतच्या रायबागन या सरदारीण बाईने शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि खंडणी भरून खानाने सुटका करून घेतली. हा प्रसंग सविस्तर सांगतो कवींद्र परमानंदांचा ‘शिवभारत’ हा संस्कृत ग्रंथ. तो सदाशिव महादेव दिवेकरांनी छापून प्रसिद्ध केला १९२७ साली, म्हणजे केतकरांचे काम संपत आले तेव्हा. कोश कितीही मोठा असला तरी त्या दिवसापर्यंत जे कागद उजेडात आले, तेवढेच त्यात येऊ शकते. ज्याची पोथी अजून कपाटात आहे, त्याची नोंद थांबून राहते. आणि ज्याची पोथी मुळात लिहिलीच गेली नाही, त्याचे काय, हा प्रश्न उरतो.

तिसरी नोंद भोर घाटातल्या रेल्वेची. ही सर्वांत जास्त पुढे पाठवली जाणारी. कारण तिच्यात आकड्यांची आतषबाजी आहे. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्याकडे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र प्रवासी पालखीतून किंवा पायी चढत. रूळ जोडून घाट उघडला तो २१ एप्रिल १८६३ रोजी. जवळजवळ १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र चढ. त्यातली मन धरून ठेवणारी गोष्ट ॲलिस ट्रेडवेलची. पहिला कंत्राटदार विल्यम फेव्हिएल १८५९ साली काम सोडून गेला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, आणि मुंबईत पोचल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याच्या विधवेने, ॲलिसने, कंत्राट परत न करता दोन जाणकार अभियंत्यांच्या मदतीने ते तडीस नेले.

नोंद इथे संपली तर ती छानच आहे. पण तिच्याशेजारी दुसरी ओळ ठेवायला हवी. १८६१ साली या घाटात ४२,००० हून अधिक मजूर कामावर होते. दोन वर्षे आधी, १८५९ च्या जानेवारीत, मजुरी वेळेवर मिळत नाही म्हणून त्यांनी दंगा केला होता. पटकीने माणसे मरत होती. ॲलिसचे नाव राहिले, आणि राहायलाच हवे. त्या बेचाळीस हजारांतल्या एखाद्याने मात्र कुठल्या बोगद्यात बलकासारखी ओळ कोरून ठेवलेली नाही.

रेल्वेला हा चढ नडला होता. टाटांच्या अभियंत्यांना तोच उतार भांडवल वाटला. लोणावळ्याच्या आसपास पडणारा पाऊस एरवी भीमेच्या खोऱ्यातून पूर्वेच्या समुद्राला मिळतो. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे धरणे बांधून ते पाणी अडवले, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडले, आणि १९१५ साली तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. वीज तारांतून मुंबईला गेली, पाणी खालीच राहिले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत उतरते. भिवपुरीचे पाणी राजनाला कालव्याने कर्जतच्या शेतांना मिळते, म्हणून तिथे पावसाळी भातानंतर उन्हाळीही भात उभा राहतो. चढाच्या माथ्यावर अडवलेला पाऊस पायथ्याला दुसरे पीक देतो. ही गोष्ट वीजकेंद्राच्या नोंदीत अर्ध्या ओळीत येते. कर्जतच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच मुख्य नोंद.

त्या विजेच्या तारांचा माग काढत गेले की आपण एका अगदी वेगळ्या नोंदीत पोचतो. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, १९१२ साली माथेरानला एका नाभिक कुटुंबात जन्मले. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकाराच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला, आणि या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. मनोरा पडला की मुंबईतले कारखाने खोळंबत. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. वीजकेंद्राची नोंद एकट्याने वाचली तर ती उद्योगाची यशोगाथा. कोतवालांची एकट्याने वाचली तर शौर्याची. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कळते, की कोतवालांनी वार कुठे केला आणि तो नेमका तिथेच का केला. आपल्या अंगणावरून जाणाऱ्या तारा कोणासाठी जातात, हे घाटाखालच्या माणसाला चांगलेच ठाऊक होते.

आता माथेरान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात दौऱ्यावर असताना चौक गावी उतरला होता. तिथून तो डोंगर चढून गेला, आणि म्हणून माथेरानचा ‘शोध’ त्याच्या नावावर लागला. धनगर, ठाकर आणि कातकरी त्या डोंगरावर आधीपासून वावरत होते, ही गोष्ट इंग्रजी गॅझेटियरलाही माहीत आहे. पण ‘शोध लागला’ हे क्रियापद इतके सोयीचे, की आजही प्रत्येक नोंद तिथूनच सुरू होते. पुढे १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून आणि हौसेतून नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आली. तीही नोंद मोठी वाचनीय आहे आणि सारखी फिरत असते.

या सगळ्यांनंतर मी शेवटची नोंद उघडली. चौकजवळच, त्याच डोंगररांगेला लागून इर्शाळगड आहे. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वर मोटारीचा रस्ता नव्हता. मोठी यंत्रे नेता येईनात, मदत करणारे पायी चढले आणि हातांनी माती उपसत राहिले. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. दुर्घटनेनंतर सरकारने विधानसभेत सांगितले, की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते.

आज ऑनलाइन कोशात हे नाव शोधले की पुढे येते ती भूस्खलनाची नोंद. वाडी कधी वसली, माणसे काय पिकवत, पावसाळ्यात आजारी माणसाला खाली कसे नेत, यातले काही तिथे सापडत नाही. हा कोश लिहिणाऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांनी नियमाप्रमाणे प्रसिद्ध झालेला आधार मागितला, आणि त्या वाडीविषयी भरभरून छापून आले ते दरड कोसळल्यावर. मॅलेट चौकहून डोंगर चढला त्याची नोंद पावणेदोनशे वर्षे टिकली, कारण चढणाऱ्याच्या हाती लेखणी होती. त्याच परिसरातल्या वाडीला नोंद मिळायला अख्खी वाडी जावी लागली.

कोश म्हणजे ज्ञानाचा साठा, असे आपण म्हणतो. या दोन तालुक्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर मला तो यादीसारखाही वाटू लागला. रेशनकार्डाची, मतदारांची, दरडप्रवण गावांची असते तशी यादी. यादीत नाव असण्याने माणूस वाचतोच असे नाही. नाव नसले तर मात्र कोणी चौकशीलाही येत नाही.

म्हणून नादिष्टांना एक सुचवावेसे वाटते. भोर घाटाची, ॲलिस ट्रेडवेलची, माथेरानच्या गाडीची नोंद जरूर पाठवा. त्या पाठवण्याजोग्याच आहेत. पण सोबत शेजारची एक नोंदही पाठवा. आणि शेजारी पान कोरे असेल, तर एकदा त्या वाडीवर जा, तिथल्या म्हाताऱ्यांशी बोला आणि ते कुठेतरी छापून आणा: तालुक्याच्या साप्ताहिकात, शाळेच्या स्मरणिकेत, एखाद्या दिवाळी अंकात. कोशाला आधार लागतो, आणि तो पुरवण्याचे काम केतकरांच्या काळापासून वर्गणीदार वाचकाच्याही वाट्याला आलेले आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर अजून कितीतरी वाड्या उभ्या आहेत. त्यांची नोंद त्या उभ्या असतानाच व्हायला हवी.