यंत्रांची घराणी आणि परीक्षेचा खेळ

श्रोतेहो, गोष्ट 4 जून 1996 ची. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधील कुरू या तळावरून युरोपचा ‘एरियन 5’ हा नवा अग्निबाण पहिल्यांदाच आकाशात झेपावला. एक मिनिटही झाले नाही, तोच तो वाकडा झाला आणि त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. आत माणूस कोणी नव्हता. पण शास्त्रज्ञांनी खपून तयार केलेले चार उपग्रह त्याच्याबरोबर गेले.

चौकशीत काय आढळले? दिशा सांभाळणाऱ्या संगणकाची आज्ञावली ‘एरियन 4’ या आधीच्या अग्निबाणावरून उचललेली होती. तिथे ती बिनबोभाट चालत असे. नव्याचा आडवा वेग मात्र अधिक. त्याचा आकडा संगणकात राखलेल्या जागेत मावला नाही. लहानपणचा सदरा मोठेपणी अंगात घालावा आणि तो उसवावा, तसे झाले.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येक यंत्र वेगळे तपासावे, म्हणजे झाले. पण तसे होत नाही. आज्ञावल्या घराण्याने जन्मतात, हा विचार डेव्हिड पार्नस यांनी 1976 साली मांडला. मूळ एकच, पण एकीत ही सोय, दुसरीत ती. शिक्षक बंधुभगिनींनो, फळ्यावर हिशेब करून दाखवा. एक सोय असली तर यंत्राचे दोन प्रकार, दोन सोयी असल्या तर चार. असे दुप्पट करत तेहतीस सोयींपर्यंत जा. 858 कोटींहून अधिक प्रकार होतात! पृथ्वीवर तेवढी माणसेही नाहीत.

चालवून पाहिले, तर त्या वेळी काय घडले एवढेच कळते. म्हणून 1980 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत क्लार्क आणि इमर्सन यांनी, तर फ्रान्समध्ये केई आणि सिफाकिस यांनी वेगळी वाट काढली. यंत्राच्या साऱ्या अवस्था मांडायच्या आणि संगणकाकडूनच त्या तपासून घ्यायच्या. क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना यासाठी 2007 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

पुढे या तपासणीला खेळाचे रूप आले. बुद्धिबळासारख्या खेळाचा गणिती विचार झेर्मेलो यांनी 1913 सालीच केला होता. इथेही दोन गडी. एक म्हणतो, “यंत्रात दोष नाही.” दुसरा म्हणतो, “आहे, दाखवतो!” पहिल्याकडे हमखास जिंकण्याची युक्ती असली, तर यंत्र निर्दोष. दुसऱ्याकडे असली, तर त्याच्या चालीच आपल्याला दोषापर्यंत नेतात.

2003 साली इस्राएलमधील शोहाम आणि ग्रुम्बर्ग यांनी यात तिसरा निकाल आणला: ‘अजून सांगता येत नाही’. चित्र ढोबळ असले, की कोणीच जिंकत नाही. पण गंमत अशी, की खेळ जिथे अडला, तीच जागा नीट पाहायची असते. 2019 साली दिमोव्स्की, लगे आणि वान्सोव्स्की यांनी ही युक्ती घराण्यांना लावली.

समजा, विहिरीवरच्या पंपांचे एक घराणे आहे. प्रश्न असा, की पाणी आटल्यावर मोटर कोरडी चालेल का? सारे प्रकार एकाच चित्रात घेऊन खेळ मांडला, आणि तो ‘वीज येताच आपोआप सुरू होणे’ या सोयीपाशी अडला. मग तेवढ्यापुरते दोन गट करायचे: ही सोय असलेले पंप आणि नसलेले. एका गटाचा निकाल लागला, तर त्यातले सारे प्रकार एकदम हातावेगळे होतात. जो गट अडेल, तोच पुन्हा विभागायचा.

‘एरियन 5’च्या वेळी आज्ञावली चांगली आहे, एवढे सर्वांना ठाऊक होते. ती कोणत्या अग्निबाणात चांगली, हा प्रश्न मात्र पुरता तपासला गेला नाही. वर्गात एखादा मुलगा “अजून सांगता येत नाही” म्हणाला, तर त्याला खाली बसवू नका, गुरुजी. कुठे अडले, ते विचारा. उत्तराची वाट तिथूनच निघते.