ब्रश, गळ आणि विजेची होडी

विजेच्या मोटरीत ‘ब्रश’ नावाचा एक भाग असतो आणि त्याला एकही केस नसतो. बोटाच्या पेराएवढा काळा ठोकळा, मागे एक स्प्रिंग, बस्स! मुंबईच्या एका गिरणीत मी उमेदीची वर्षे मोटरी उघडण्यात घालवली, पण हे नाव कुठून आले ते तिथे कोणी विचारीत नसे. ते मला निवृत्तीनंतर कळले, मुलाकडे मिनेसोटात राहायला गेल्यावर. निमित्त झाले शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या होडीची जुनी मोटर.

पण आधी नावाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकातल्या मोटरींत फिरत्या कम्युटेटरला वीज पोचवायला तांब्याच्या तारांची जुडी टेकवीत. ती खरोखरच कुंचल्यासारखी दिसे. ठिणग्या उडत, तांबे तांब्याला खाई. 1885 साली जॉर्ज फोर्ब्ज ह्या स्कॉटिश अभियंत्याने तिच्या जागी कोळशाच्या तुकड्याचे पेटंट घेतले. केस गेले, नाव उरले.

होडीवर मोटर चढली ती ह्याच्याही आधी. 1838 साली मोरिट्झ याकोबीने सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीवर विजेची होडी चालवून दाखवली. पैसा झार निकोलसचा होता, आणि तसाच धनी हवा, कारण वीज यायची ती जस्त खाणाऱ्या घटांतून! 1881 साली पॅरिसला गुस्ताव्ह त्रूव्हेने सुकाणूच्या माथ्यावर मोटर बसवली आणि साखळीने पाण्यातला पंखा फिरवला. सुकाणूसकट हे सगळे उचलून घरी नेता येई.

मासेमारीला ही युक्ती लागू पडली ती पुष्कळ उशिरा. 1934 साली नॉर्थ डाकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट ह्या गृहस्थांनी फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीचा स्टार्टर घेतला, त्याला लवचिक दांडा जोडला, टोकाला पंखा लावला. स्टार्टर म्हणजे गाडी सुरू करताना काही क्षण जीव खाऊन फिरणारा प्राणी. त्याला ह्या माणसाने तळ्यात संथ चालायला शिकवले. मिनेसोटा आणि डाकोटा ह्यांच्या नावांतून कंपनी झाली ‘मिन कोटा’. आपल्या वर्सोव्याच्या कोळ्याला हे सांगाल तर तो हसेल. भरसमुद्रात त्याला डिझेलचे इंजिनच हवे. पण इथल्या शांत तळ्यात गळाचे आमिष माशापुढून हळूहळू ओढीत न्यायचे असते, तेही आवाज न करता.

बाईंची मोटर कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. यजमान गेल्यापासून ती गॅरेजात पडून होती. दुकानदाराने “फेकून द्या” म्हटले होते. बाईंना मात्र तळे गोठण्यापूर्वी एकदा तरी त्याच होडीतून गळ टाकायचा होता. नवी मोटर घेणे त्यांना परवडले असते. पण ह्या मोटरीच्या मुठीवर यजमानांनी गुंडाळलेली चिकटपट्टी अजून तशीच होती.

लक्षण मोठे मासलेवाईक होते. पाच वेगांपैकी पहिले चार मेलेले. पाचवा चालू, तोही थापट मारल्यावर. ह्या जुन्या रचनेत वेग कमी करायचा म्हणजे वीज रोधक तारेच्या वेटोळ्यातून न्यायची आणि जास्तीची उष्णता करून तळ्याच्या पाण्यात सोडून द्यायची. पाचव्या वेगाला वीज सरळ जाते. तेव्हा वेटोळे जळाले, हे मोटर न उघडताच कळते. उधळपट्टी खरीच, पण रोगनिदान किती सोपे!

थापट का लागते, ते उघडल्यावर दिसले. पंख्यामागे दांड्याला गळाचा नायलॉन दोरा गुंडाळला गेला होता. त्याने रबरी सील कापले, पाणी आत शिरले, ब्रशची स्प्रिंग गंजली. कोळशाची पूड भिजून कम्युटेटरच्या खाचांत चिखल झाला होता. खाचा लाकडी काडीने कोरल्या, तांबे बारीक काचकागदाने घासले. एमरी वापरायचा नाही, त्याचे कण वीज वाहून नेतात. हे गिरणीतल्या आमच्या मिस्त्रींनी बजावलेले. नवे सील, ब्रश, स्प्रिंगा, वेटोळे मागवले, ते आठवड्यात आले.

खरी परीक्षा बंद करताना. आतले चुंबक इतके जबर, की आर्मेचर हातातून हिसकावून घेतात आणि नाजूक ब्रश फुटतात. मी वाकवलेल्या दोन तारांनी ब्रश मागे ओढून धरले, आर्मेचर जागेवर बसल्यावर तारा हळूच काढल्या. तीन वेळा घाम पुसला.

मग मोटर पिंपात बुडवून लावली, कारण कोरडी चालवली तर नवे वेटोळेही जळायचे. पाचही वेग आले. दुसऱ्यावर ती किंचित गुरगुरत होती. बेअरिंगचा दोष असावा. मी ते काढायला निघालो, तर बाई म्हणाल्या, “राहू द्या हो, पूर्वीही अशीच गुरगुरायची.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारातली होडी दिसली नाही.