सापाच्या लशीतला घोडा

किल्लारी म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट आठवते. पण औसा तालुक्यातल्या या काळ्या रानात पावसाळ्याची नेहमीची धास्ती असते ती पान लागण्याची, म्हणजे साप चावण्याची. पोराला पान लागलं की दवाखाना गाठायचा. तिथे जाणता डॉक्टर सापाची लस लावण्याआधी ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवतो. कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरचा उतारा घोड्याच्या रक्तातून काढलेला असतो. लस बनवणाऱ्या हाफकिनचे असे घोडे पिंपरीला आहेत. काहींना हे घोड्याचं प्रथिन सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. शिवाय साप लहान पोराला विष कमी टोचत नाही, म्हणून लशीची मात्राही मोठ्या माणसाइतकीच.

या तीव्र ॲलर्जीची वंशावळ पुस्तकं कुत्र्यापासून सुरू करतात. १९०२ साली फ्रान्समध्ये रिशे आणि पोर्त्ये यांनी समुद्रफुलाच्या विषाचा थोडासा डोस नेपच्यून नावाच्या कुत्र्याला दिला, तीनेक आठवड्यांनी पुन्हा दिला, आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. रिशेला १९१३चं नोबेल मिळालं. मला हा मूळपुरुष मान्य नाही. माझ्या मते मूळपुरुष घोडा, आणि पहिला साक्षीदार बर्लिनचं एक लहान मूल.

१८९६ची गोष्ट. घटसर्पावर बेरिंगचं घोड्याचं सीरम नवं नवं आलं होतं. रॉबर्ट लांगरहान्स या विकृतिशास्त्रज्ञानं आपल्या धडधाकट मुलाला खबरदारी म्हणून ते टोचवलं आणि मूल काही मिनिटांत गेलं. बापानं मृत्यूच्या जाहिरातीत थेट सीरमवरच ठपका ठेवला. बेरिंगचे समर्थक खवळले. शवविच्छेदनाचा निष्कर्ष निघाला की अन्न श्वासनलिकेत गेल्यानं मूल दगावलं. सीरम निर्दोष सुटलं.

लांगरहान्सविरुद्ध दुसराही युक्तिवाद होतो: ॲलर्जीला आधीची ओळख लागते, पहिल्याच सुईला ती होईल कशी? बिनतोड वाटतो खरा, पण सर्पदंशाच्या वॉर्डात तो टिकत नाही. आयुष्यात कधी ही लस न घेतलेल्या माणसालाही पहिल्याच बाटलीला रिॲक्शन येते. तिथे बहुतेक वेळा आधीच्या ओळखीचा संबंधच नसतो, घोड्याचं प्रथिन शरीरातली यंत्रणा परस्पर भडकवतं. आणि अशा झटक्यात उलटीही होऊ शकते. मग नळीतलं अन्न हे मरणाचं कारण की झटक्याचा परिणाम? मी दुसऱ्या बाजूचा. पुरावा आज कोणी देणार नाही, पण बापाचं म्हणणं फेटाळायला ते शवविच्छेदन पुरेसं नव्हतं.

व्हिएन्नाचे पिर्के आणि शिक मात्र नशीबवान. त्यांच्या बालरुग्णालयात मुलांना घोड्याचं सीरम दिलं जाई, आणि दुसऱ्या खेपेला त्रास लवकर उमटे. त्यावर त्यांनी १९०५ला पुस्तक लिहिलं. पिर्केनं १९०६ला ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. म्हणजे नावही बालरोगतज्ज्ञाचं. तोवर काल्मेतनं सापाच्या विषावरचं घोड्याचं सीरम काढून दहाएक वर्षं झाली होती.

याच वंशात एक वेडगळ रिवाज जन्मला: लस देण्याआधी कातडीत थेंबभर टोचून बघायचं. रिॲक्शनच जर आधीच्या ओळखीवर अवलंबून नसेल, तर तो थेंब भविष्य सांगणार कसं? आता नियमावल्याही ही चाचणी नको म्हणतात. कामाला येतं ते जोकिची ताकामिनेनं १९०१ साली जाहीर केलेलं ॲड्रेनलिन. भारतीय लस वापरणाऱ्या श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी हजारावर रुग्णांवर पाहिलं: लशीआधी ॲड्रेनलिनचा छोटा डोस दिला की गंभीर रिॲक्शन बऱ्याच कमी होतात.

गांधीलमाशी चावून किंवा शेंगदाणे खाऊन पोराचा श्वास अडकला तरी औषध हेच. ॲव्हिल, डेक्सा मागाहून. आधी ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एकास हजार ताकदीचं, वीस किलोच्या पोराला ०.२ मिलिलिटर. तुमच्या गावच्या दवाखान्यात ते आहे का, हे पेरणीआधीच विचारून ठेवा.